नियम कुठे ठेवायचा? सातबारा, क्वेरी आणि स्टोअर्ड प्रोसिजर

वेबसाठी प्रणाली लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे. माहितीवरचे नियम स्टोअर्ड प्रोसिजर लिहून डेटाबेसच्या आत ठेवायचे, की बाहेर पीएचपी, जावा किंवा पायथनच्या कोडमध्ये? परभणी-नांदेड भागातल्या महाविद्यालयांतून बीसीए किंवा संगणकशास्त्रात बीएस्सी करून कोणी पुण्याला जातो, कोणी गावातच कृषी सेवा केंद्राचे, पतसंस्थेचे, बाजार समितीचे काम घेतो. दोघांचीही या वादाशी गाठ पहिल्याच वर्षी पडते. एक वरिष्ठ सांगतो, प्रोसिजरशिवाय टेबलाला हात लावायचा नाही. दुसरा सांगतो, प्रोसिजरचे नाव काढायचे नाही. दोघांकडेही कारणे असतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात.

या आढाव्यासाठी उदाहरण म्हणून सातबारा घेतला आहे. परभणी जिल्ह्यात तो घरोघरी ओळखीचा आहे, आणि रिलेशनल डेटाबेसमधले बहुतेक अवघड प्रश्न त्या एका कागदात सापडतात. पुढे येणारी टेबले शिकवण्याच्या सोयीसाठी मांडलेली आहेत. ती सरकारी प्रणालीची आतली रचना समजू नये.

नोंदवहीपासून टेबलापर्यंत

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या चौकटीत गावपातळीवर एक ते एकवीस नमुने चालतात. नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही, आणि दोन्ही मिळून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. आठ-अ हा खात्याचा उतारा. आता आठ-अ नीट पाहिला तर त्यात स्वतःची अशी माहिती फारशी नाही. एका खात्याची गावातल्या सगळ्या गटांमधली जमीन एकत्र केली की आठ-अ तयार होतो. कागदावर तो वेगळा लिहावा लागे, कारण कागद बेरीज करत नाही. संगणकात तो साठवायची गरजच नाही, विचारला की काढून द्यायचा. तीच माहिती दोन ठिकाणी ठेवली की कधी ना कधी ती एकमेकींशी भांडते. संगणकीकरणानंतरच्या दुरुस्ती मोहिमांत सात आणि आठ-अ यांचा मेळ बसवणे हे तलाठ्यांचे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) मोठे काम होऊन बसले, ते याचमुळे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७०च्या निबंधात रिलेशनल रचना मांडली, तिच्यामागच्या मुख्य चिंतांपैकी ही एक होती.

मराठवाड्याच्या अभिलेखांना आणखी एक थर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या दाव्यांत काढले जाते. मग एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. २ एकर २० गुंठे म्हणजे १०१.१७ आर. पूर्ण आकड्यात लिहायचे तर १ हेक्टर १ आर. तिघा भावांना समान वाटणी केली तर प्रत्येकी ३३.७२, म्हणजे ३४ आर. तिघांची बेरीज १०२ आणि गटाचे क्षेत्र १०१. कोणी कोणाची जमीन लाटलेली नाही, तरी उतारा चुकलेला.

संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, राज्यात ई-फेरफार आले, १ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर ई-पीक पाहणी. २०२०च्या नव्या नमुन्यात गावाच्या नावासोबत संकेतांक छापला जाऊ लागला. सामान्य खातेदाराच्या तो नजरेतही भरत नाही, पण डेटाबेसवाल्याच्या दृष्टीने त्या नमुन्यातला सर्वांत मोलाचा रकाना तोच.

का, ते परभणीवाल्याला वेगळे सांगायला नको. १ मे १९९९ला हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या भागाचा वेगळा हिंगोली जिल्हा झाला. ज्याने प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव लिहून ठेवले होते, त्याला हजारो नोंदी बदलाव्या लागल्या असत्या. ज्याने गावाच्या नोंदीत तालुक्याचा संकेतांक आणि तालुक्याच्या नोंदीत जिल्ह्याचा संकेतांक ठेवला, त्याचे काम पाच ओळींत संपते. आपला महसूल विभाग ज्या शहराच्या नावाने ओळखला जातो, त्या शहराचे नावही २०२३ मध्ये बदलले. नावाला कधीही प्रायमरी की करू नये, हे पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येते. इथे ते भूगोलाने शिकवले.

क्वेरी : न सापडणारा गट

सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर पहिल्या तासात येतात. डेटाबेस क्वेरीचा अर्थ कोणत्या क्रमाने लावतो, ते मात्र फार उशिरा कळते. आधी फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअरची चाळणी, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, आणि सर्वांत वर लिहिलेले सिलेक्ट त्यानंतर. म्हणून सिलेक्टमध्ये दिलेले टोपणनाव व्हेअरमध्ये वापरले की चूक येते, आणि नवखा माणूस अर्धा दिवस डोके धरून बसतो.

तीन टेबले घेऊ : गट (गावाचा संकेतांक, गट क्रमांक, एकूण क्षेत्र), खाते, आणि धारण (कोणत्या गटात कोणत्या खात्याचे किती क्षेत्र). प्रश्न असा की ज्या गटांत खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, ते दाखवा. गट आणि धारण यांचा जॉइन, गटावर ग्रुप बाय आणि हॅविंगमध्ये बेरजेची तुलना. क्वेरी चालते, यादी येते, सगळे खूश होतात.

पण ज्या गटाला धारणमध्ये एकही नोंद नाही, तो या यादीत येत नाही. साधा जॉइन जोडी न सापडलेली नोंद गाळून टाकतो. बरे, लेफ्ट जॉइन करू. तरीही तो गट येत नाही! आता बेरीज नल आहे, आणि नलची गटाच्या एकूण क्षेत्राशी तुलना केली तर उत्तर खरेही नाही आणि खोटेही नाही, ते ‘अज्ञात’ असते. हॅविंग फक्त ‘खरे’ तेवढेच पुढे सोडते. कोअलेस वापरून नलचे शून्य केले की मगच तो गट वर येतो. म्हणजे ज्या गटाला मालकच नोंदलेला नाही, ती सर्वांत गंभीर चूक, आणि तिच्याबद्दलच क्वेरी गप्प होती. त्यात हौसेने पिकांचे टेबलही जोडले तर नवीच तऱ्हा. गटात सोयाबीन आणि तूर अशी दोन पिके असली की प्रत्येक खातेदाराची नोंद दोनदा येते आणि क्षेत्र दुप्पट दिसते. बेरीज आधी करून घ्यायची, पीक नंतर जोडायचे.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण, प्रोसिजर हवी की नको याची भांडणे करणाऱ्यांच्या क्वेरीत अनेकदा हीच भोके असतात. चुकीची क्वेरी आत ठेवली काय आणि बाहेर ठेवली काय.

वाद कसा घडला

एसक्यूएलचे मूळ रूप डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडले. १९७९ मध्ये ओरॅकलने ती भाषा बाजारात आणली, १९८६ मध्ये तिचे अमेरिकी मानक झाले. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेला आणि हाक मारली की तिथेच चालणारा कार्यक्रम, सायबेसने १९८७ मध्ये आणि ओरॅकलने सातव्या आवृत्तीत, १९९२ मध्ये लोकप्रिय केला. तेव्हा कार्यालयातल्या पंचवीस-तीस संगणकांवर तोच कार्यक्रम बसवलेला असे. नियम बदलला की प्रत्येक संगणकापर्यंत जावे लागे. नियम मध्यवर्ती डेटाबेसमध्ये ठेवणे हे तेव्हा सरळ शहाणपण होते.

वेबने ते कारण काढून घेतले. कोड आता सर्व्हरवर, एकाच जागी. आणि वेबची पिढी वाढली ती मायएसक्यूएलवर, ज्यात स्टोअर्ड प्रोसिजर आली २००५ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्याआधीच पीएचपीवाल्यांना प्रोसिजरशिवाय जगण्याची सवय लागली होती. याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन फॉरेन कीची ओळ वाचत असे आणि मुकाट्याने सोडून देत असे. चेक अटीचेही तसेच. २०१९ मध्ये ८.०.१६ आवृत्ती येईपर्यंत ती लिहिता येई, चूक दाखवली जात नसे, आणि पाळलीही जात नसे. एका अख्ख्या पिढीने नियम लिहिले, डेटाबेसने ते पाळले नाहीत, आणि मग ‘डेटाबेसवर भरवसा नको, कोडमध्येच तपासा’ हे व्यावसायिक शहाणपण बनले. त्या पिढीला दोष देता येणार नाही.

२००४ मध्ये रुबी ऑन रेल्स आले. त्याचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी पुढच्याच वर्षी उघड भूमिका घेतली की सगळी हुशारी एकाच थरात असावी आणि तो थर डेटाबेस नव्हे. जांगो, लॅराव्हेल या पुढच्या चौकटीही साधारण त्याच वाटेने गेल्या. टेबलाच्या जागी वस्तू, क्वेरीच्या जागी मेथड, यालाच ओआरएम म्हणतात. आज परभणीत कोणी नवे काम घेतले तर ते बहुधा याच घडणीत होते.

आत ठेवा म्हणणारे

त्यांचे सर्वांत भक्कम म्हणणे दारांविषयी आहे. सातबाऱ्याच्या माहितीकडे किती बाजूंनी हात जातो ते पाहा : दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले की फेरफाराला सुरुवात होते, बँक बोजा चढवते, तलाठी वारसाची नोंद घेतो, शेतकरी मोबाइलवर पीक नोंदवतो. प्रत्येक दाराचा कोड वेगळा, बहुधा लिहिणारेही वेगळे. ‘विक्रेत्याच्या नावावर असलेल्या क्षेत्रापेक्षा जास्त विकता येणार नाही’ हा नियम चार ठिकाणी लिहिला तर चार प्रकारे लिहिला जाईल. तो आत, एका जागी असला की कोणत्याही दाराने या, त्याला चुकवता येत नाही.

दुसरे म्हणणे एकसंधपणाचे. विक्रीच्या फेरफारात फेरफार नोंदवायचा, विक्रेत्याचे क्षेत्र कमी करायचे, खरेदीदाराचे वाढवायचे, जुन्या नोंदीला कंस करायचा. हे सगळे झाले तर झाले, नाहीतर काहीच झाले नाही, असे हवे. आणि त्याच क्षणी त्याच गटाची दुसरी विक्री दुसरीकडे नोंदली जात असेल तर एकाने थांबले पाहिजे. म्हणून क्षेत्र वाचतानाच ती नोंद कुलूपबंद करायची. प्रोसिजरमध्ये हे एका हाकेत होते. बाहेरून करताना पाच-सहा फेऱ्या होतात आणि तेवढा वेळ कुलूप लागलेले राहते. नेटवर्क धिमे असेल तर रांग वाढते.

तिसरे, अधिकार. वेब सर्व्हरला टेबलाची परवानगीच द्यायची नाही, फक्त ठरावीक प्रोसिजर चालवण्याची द्यायची. सर्व्हर फोडणाऱ्याला मग सगळे टेबल उचलून नेता येत नाही.

बाहेर ठेवा म्हणणारे

यांचे म्हणणे रोजच्या कामाच्या अनुभवातून येते. कोडचा इतिहास गिटमध्ये असतो. कोणी, कधी, का बदलले ते दिसते. प्रोसिजर मात्र कोणीतरी थेट चालू डेटाबेसवर बदलते आणि सहा महिन्यांनी ‘हे असे का आहे’ याचे उत्तर देणारा माणूस दुसऱ्या नोकरीत असतो. चाचण्या लिहिणे, चूक ओळीओळीने शोधणे, नवी आवृत्ती चढवून बिघडली तर मागे घेणे, यांची साधने बाहेरच्या भाषांत कितीतरी पुढे गेलेली आहेत.

भार वाढला तर वेब सर्व्हर एकाचे चार करता येतात. डेटाबेसचे चार करणे हे वेगळेच प्रकरण. पीक पाहणीसारख्या कामात लाखो लोक थोड्या दिवसांत येतात. तेव्हा फोटोचा आकार तपासणे, निरोप पाठवणे असले काम डेटाबेसच्या प्रोसेसरवर टाकणे परवडत नाही. शिवाय ओरॅकलची प्रोसिजर मायएसक्यूएलवर चालत नाही आणि मायएसक्यूएलची पोस्टग्रेसवर. १९९६ मध्ये प्रोसिजरसाठीही मानक आले, पण प्रत्येकाची बोली वेगळीच राहिली. आणि ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड, यावर तर यांचा खास राग. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, फक्त त्याचा परिणाम दिसतो.

याच बाजूचा एक मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. फेरफार ही पाच मिनिटांची गोष्ट नाही. नोंद घ्यायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. हरकत आली तर तो वादग्रस्त फेरफार, वेगळी वाट. पंधरा दिवस चालणारी, माणसांच्या निर्णयावर अडणारी प्रक्रिया प्रोसिजरमध्ये मावत नाही. तिथे कामाचा प्रवाह बाहेरच सांभाळावा लागतो.

दोन्हीकडचे काही समज

‘प्रोसिजर आधीच कम्पाइल झालेली असते म्हणून वेगवान’ हे अजून मुलाखतीत विचारले जाते. एके काळी त्यात तथ्य होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने १९९८च्या सातव्या आवृत्तीपासून बाहेरून आलेल्या पॅरामीटरच्या क्वेरीचीही योजना जपून ठेवायला सुरुवात केली. आज वेगाचा खरा फायदा फेऱ्या वाचण्यात आहे.

‘प्रोसिजर असली की एसक्यूएल इंजेक्शन होत नाही’ हेही अर्धसत्य. प्रोसिजरच्या आत शब्द जोडून क्वेरी तयार केली तर भोक तेच, फक्त एक खोली आत. पॅरामीटर वेगळा पाठवणे हा उपाय, आणि तो बाहेरही तितकाच चालतो.

उलट बाजूला, ‘ओआरएम वापरले की एसक्यूएल शिकायची गरज नाही’ हा समज जास्त नुकसान करतो. गावातल्या पाचशे खात्यांची यादी काढायला एक क्वेरी आणि मग प्रत्येक खात्याचे गट काढायला पाचशे क्वेरी, असा कोड दिसायला अगदी सुबक असतो. चाचणीच्या दहा नोंदींवर तो झकास पळतो. आणि ‘उद्या डेटाबेस बदलता येईल’ या सबबीवर प्रोसिजर टाळणाऱ्यांपैकी खरोखर डेटाबेस बदलणारे मी फारसे पाहिलेले नाहीत. कोडची भाषा आणि चौकट बदलते, टेबले तशीच राहतात.

आज कुठे आलो, काय उरले

दोन्ही बाजू थोड्या जवळ आल्या आहेत, असे म्हणायला जागा आहे. नॉट नल, युनिक, फॉरेन की, चेक हे साधे निर्बंध डेटाबेसमध्येच असावेत, याला आता फारसा विरोध उरलेला नाही. पोस्टग्रेसने २०१६च्या सुरुवातीला ९.५ आवृत्तीत कोणाला कोणती नोंद दिसावी याचे नियम आत आणले, २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीत खरी प्रोसिजर आणली. डेटाबेसवरून थेट वेबसाठी सेवा काढून देणारी साधने आली, आणि ज्याला वीस वर्षांपूर्वी मागासलेले म्हणून हसले गेले ते नव्या नावाने परत आले. स्थलांतराच्या (मायग्रेशन) फाइली गिटमध्ये ठेवण्याची पद्धत रुळल्यामुळे प्रोसिजरला इतिहास नसतो ही तक्रारही निम्मी झाली. निम्मीच, कारण चालू डेटाबेसवर थेट हात मारणारा माणूस सगळीकडे असतो.

पण बरेच उरले आहे. ‘क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राएवढी हवी’ हा नियम अनेक नोंदींवर पसरलेला आहे. एका नोंदीपुरती चेक अट त्याला पुरत नाही. मानकात अशा अटीची तरतूद १९९२पासून आहे, पण मोठ्या डेटाबेसनी ती कितीतरी वर्षे प्रत्यक्षात दिली नाही. मग ट्रिगर, प्रोसिजर की रात्री चालणारी तपासणी, यावर एकमत नाही. जुन्या माहितीचा पेच त्याहून मोठा. आधीपासून चुकलेले उतारे असताना कडक निर्बंध लावला तर दुरुस्तीसाठी आलेली नोंदही अडते. आधी माहिती स्वच्छ करायची की आधी नियम लावायचा? संहितेच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची वाट आहे, तशी वाट डेटाबेसमध्येही ठेवावी लागते, आणि ती वाट कोणाच्या हाती द्यायची हा तांत्रिक प्रश्न राहत नाही.

मराठीचा प्रश्न तर चर्चेतच येत नाही. आपल्या भागात कऱ्हाळे हे आडनाव पुष्कळ. यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो : एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, एकदा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. डेटाबेसला ती दोन वेगळी माणसे वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ही सफाई नोंद आत येतानाच व्हावी, म्हणजे डेटाबेसमध्ये, की फॉर्मवर? माझे मत डेटाबेसकडे झुकते, कारण एक्सेलमधून थेट चढवलेल्या यादीला फॉर्म भेटतच नाही. पण याचे तयार, सर्वमान्य साधन मराठीसाठी नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. डेटाबेस नोंदी एकमेकींशी जुळतात याची हमी देतो, जमीन खरोखर कोणाची याची नाही. सगळे निर्बंध पाळून नोंदलेला खोटा वारसही डेटाबेसला मान्यच असतो.

या साऱ्यावरून कामापुरता निवाडा द्यायचा तर मी असा देईन. जे कधीच खोटे असता कामा नये ते निर्बंध म्हणून आत. अनेक दारांतून होणारा, पैशाचा किंवा जमिनीचा, एका झटक्यात पुरा व्हायला हवा असा व्यवहार प्रोसिजरमध्ये. शासन निर्णयागणिक बदलणारे दर, मुदती, नोटिसा बाहेर. एकच दार असलेल्या छोट्या कृषी सेवा केंद्राच्या प्रणालीला प्रोसिजरची गरज बहुधा नाही. बाजार समितीचे लिलाव, माप, हमाली-तोलाई आणि पट्टी यांचे काम असेल तर नक्की विचार करावा.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. ओरॅकलच्या नमुन्यातली चौदा कर्मचाऱ्यांची आणि चार विभागांची ती दोन टेबले अनेक पिढ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवली. त्यांना आता रजा द्यावी. गट, खाते, धारण आणि फेरफार ही चार टेबले द्यावीत. विक्रीचा फेरफार एका विद्यार्थ्याला प्रोसिजरमध्ये आणि दुसऱ्याला बाहेरच्या कोडमध्ये लिहायला सांगावा, आणि मग दोघांना एकाच गटाची विक्री एकाच वेळी नोंदवायला लावावी.